ओल खालून येते

दिल्लीच्या आसपास आता शिकार उरलेली नाही आणि ते बरंच झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदुका खुंटीला लागल्या. पण शिकारीतला अर्धा खटाटोप कायद्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. रात्र रानात काढायची, पाऊस आला तरी काढायची, आणि पहाटे बोटं वळतील इतपत ऊब अंगात शिल्लक ठेवायची. हे काम आता कॅमेरेवाल्यांकडे आलं आहे. त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही, दुकानदारांनी विकलं मात्र पुष्कळ आहे.

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर आबा राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेत भरती होण्याआधी, म्हणजे या कायद्याच्याही आधी, ते गावच्या मंडळींबरोबर डुकराच्या हाक्याला जात. मनवा ही त्यांच्या मुलीची मुलगी, इथेच नोकरीला. जानेवारीतला शुक्रवार होता. शनिवारची रात्र दमदमा तलावाजवळ मैत्रिणीच्या शेतावर तंबूत काढायची आणि उजाडताना अरवलीच्या पायथ्याला पक्षी टिपायचे, असा तिचा बेत. पश्चिमी विक्षोभ येतो आहे, पाऊस पडेल, असं हवामान खात्यानं सांगून ठेवलेलं. जाऊ नको असं आबा एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचं भांडण तिच्या सामानाशी होतं. मी चहाला म्हणून गेलो होतो आणि बसून राहिलो.

मनवा : आबा, तंबूचं कापड तीन हजार मिलिमीटरचं आहे.

आबा : म्हणजे काय?

मनवा : त्यावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी आत झिरपत नाही.

आबा : तीन मीटर पाणी डोक्यावर उभं राहणार असेल तर तंबू कशाला नेतेस, होडी ने.

मनवा : थट्टा नको. वरून एक थेंब आत येणार नाही, एवढंच म्हणतेय मी.

आबा : वरून नाहीच येणार. मी वरचं विचारतच नाहीये. खाली काय घालणार?

मनवा : फोमची मॅट.

आबा : दाखव. (तिनं दाखवली. आबांनी ती अंगठा आणि तर्जनीत दाबली, बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली.) ही तुझ्या कमरेखाली अशी होणार. अंगावर तू काहीही घे. त्यातला जो भाग तुझ्या वजनाखाली दबला तो कामातून गेला. ऊब कापसात नसते, पिसातही नसते. त्यांच्यात अडकलेल्या हवेत असते. हवा दाबून बाहेर काढलीस की राहिलं नुसतं कापड. आणि खाली ओली जमीन. ती रात्रभर तुला शोषत बसते.

इथे आबांची बाजू शास्त्राला धरून आहे, हे नोंदवून ठेवतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. कोरड्या थंडीत पारा शून्याला टेकलेला असताना माणूस जितका सुरक्षित असतो, तितका तो दहा अंशांत ओल्या कपड्यांनिशी नसतो. पावसाळी रात्री अंग गार पडून दगावलेले लोक बर्फातच होते असं मुळीच नाही.

आबा : आमच्याकडे भुईमुगाच्या राखणीला माळा असायचा. चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, आणि वर झाप. डुकरं यायची ती पावसातच यायची, कारण त्यांना ठाऊक असायचं की माणूस आत शिरून बसलेला असणार. माळ्यावरचा माणूस कोरडा असायचा, कारण तो जमिनीवर नसायचा.

मी : बर्निएनंही हेच केलं होतं.

मनवा : कोण?

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य. औरंगजेबाच्या लव्याजम्याबरोबर तो डिसेंबर १६६४मध्ये दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला निघाला. वाटेत बादशहाच्या शिकारी चालूच होत्या. या प्रवासाबद्दल लिहिलेल्या पत्रांत त्यानं स्वतःच्या सामानाची यादी दिली आहे, आणि मला ती त्या काळातल्या साऱ्या दरबारी वर्णनांपेक्षा जास्त कामाची वाटते. मध्यम आकाराचा तंबू, एक गालिचा, चार हलक्या पण मजबूत वेतांची घडीची खाट, एक उशी आणि दोन पांघरुणं. त्यांतलं एक पांघरूण अंगावर घेण्यासाठी नव्हतंच, ते घडी घालून गादीसारखं खाली अंथरायचं होतं. दोनच पांघरुणं असताना एक खाली घालायला धीर लागतो. थंडीत माणसाचा हात आपसूक दोन्ही अंगावर ओढतो.

आबा : बघ. फ्रेंच माणूस, पण शहाणा.

मनवा : खाट मला मान्य आहे, आबा, पण अर्धीच. खाटेखालून वारा वाहतो. पुलावर जसं आधी पाणी गोठतं, तशी खाट खालूनही गार होते. झोळीत झोपणाऱ्यांची हीच तक्रार असते, पाठ गारठते. म्हणजे खाटेवरही खाली काहीतरी दाबलं न जाणारं पाहिजेच.

आबा : मग घाल की. पराली घाल, पोती घाल. कडबा काय उगाच पसरत होतो आम्ही?

परालीचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, नाव निघालं आणि मला २०२०चा डिसेंबर आठवला. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी आंदोलनाला बसले होते. नाशिकहून २१ डिसेंबरला निघालेला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा जथाही राजस्थान-हरियाणाच्या हद्दीवर, शाहजहांपूरला येऊन थांबला होता. १ जानेवारी २०२१ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा १.१ अंशावर उतरला आणि त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला. जमिनीवरच्या तंबूंत पाणी शिरलं, अंथरुणं भिजली, सरपण भिजलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पराली, वर गाद्या आणि वरून ताडपत्री अशी बिऱ्हाडं केलेले लोक त्या मानानं बरे होते. त्यात कुठलंही नवं तंत्र नव्हतं. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून हातभर वर होता, इतकंच.

मनवा : म्हणजे तुमच्या दोघांचं म्हणणं असं की तंबू नेऊच नको.

आबा : ने ना. पण तो कुठे ठोकणार ते सांग.

मनवा : तलावाच्या कडेला सपाट जागा आहे.

आबा : सपाट म्हणजे पाणी साचायची जागा. आणि तलावाकाठी दव सगळ्यात जास्त. गार हवा जड असते, ती उतरत उतरत सखल जागी येऊन बसते. शंभर पावलं चढावर जा.

मनवा : चढावर दगड आहेत. अरवलीत खुंट्या शिरत नाहीत.

आबा : खुंट्या नाही शिरत तर दोर धोंड्याला बांध. जिथं दगड तिथं चिखल नाही. आणि तंबूभोवती वीतभर चर खण.

मनवा : चर मी खणणार नाही.

यावर दोघांत चांगलीच जुंपली. फौजेच्या शिस्तीत चर हा तंबूचाच भाग. मनवाच्या पिढीचे डोंगर भटकणारे चर खणणं हा जवळजवळ गुन्हा मानतात. माती उघडी पडते, पुढच्या पावसात तिथूनच घळ लागते. शिवाय हल्लीच्या तंबूला शिवलेला तळ असतो, जागा नीट निवडली तर चराची गरजच पडत नाही. मला तिचं म्हणणं पटतं. फौजेचा तंबू महिनाभर एका जागी असतो, हिचा एका रात्रीचा. आबांना मुळीच पटलं नाही. त्यांनी फक्त तिच्या तंबूच्या तळाखाली घालायच्या प्लास्टिककडे बोट दाखवलं.

आबा : हे तंबूपेक्षा मोठं आहे. चारी बाजूंनी बाहेर येईल. वरून ओघळणारं पाणी त्याच्यावर पडेल आणि थेट तुझ्या अंथरुणाखाली जाईल. कडा आत दुमड.

मनवा : (जरा थांबून) हे बरोबर आहे.

आबा : लिहून ठेव.

मनवा : तुम्हीही एक लिहून ठेवा. तंबूत सकाळी जे पाणी सापडतं, त्यातलं बरंचसं पावसाचं नसतं. आपलं स्वतःचं असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. दोघी झोपलो की अर्धा लिटर. ते गार कापडाला आतून लागतं आणि टपकतं. लोकांना वाटतं तंबू गळला, मग ते होत्या नव्हत्या त्या झडपा बंद करतात आणि आणखी भिजतात.

आबा : मग तू काय करणार?

मनवा : समोरासमोरच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवणार. थोडी गार हवा लागली तरी चालेल. आणि तोंड झोपायच्या पिशवीच्या बाहेर ठेवून झोपणार. डोकं आत घेतलं की पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग आतली पिसं ओली होतात. पिसं एकदा भिजली की गोळा होऊन बसतात, तुमची ती अडकलेली हवाच जाते.

आबा : म्हणून म्हणतो, घोंगडं ने.

घोंगडं आतल्या खोलीतून आलं. काळं, कडेला बारीक पांढरी पट्टी, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. चिंचोक्याच्या खळीनं आलेला कडकपणा इतक्या वर्षांत बराच निवळला होता, तरी उलगडताना ते कापडासारखं पडलं नाही, कातड्यासारखं उभं राहिलं. मानेला लावलं तर टोचतं. आबांनी त्याची एका टोकाला दुमडून खोळ केली आणि डोक्यावरून घेतली. खांदे, पाठ, पिंढऱ्या सगळं त्यात गेलं, हात मोकळे राहिले. धनगर पावसात मेंढरांमागे असाच उभा असतो. आबांनी त्यावर पेल्यातलं थोडं पाणी ओतलं. पाणी घरंगळत खाली आलं, थोडं मुरलं, आतला सदरा कोरडा.

मनवा : आणखी ओता.

आबा : कशाला? पाऊस काय बादलीनं पडतो?

मनवा : २०२२च्या जानेवारीत सफदरजंगला ८८.२ मिलिमीटर पडला होता. अशा पावसात तुमचं घोंगडं किती वेळ टिकेल?

आबा : भिजेल.

मनवा : आणि भिजल्यावर वजन किती होईल? ते वाळायला किती दिवस लागतील?

आबा : भिजेल, जड होईल, वास मारेल, पण ऊब सोडणार नाही. तुझी पिसाची पिशवी भिजली तर तिचं काय होतं ते तूच आत्ता सांगितलंस.

दोघंही खरं बोलत होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. एवढंच नाही, ती वाफ शोषताना लोकरीतून थोडी उष्णताही बाहेर पडते. श्वासाची आणि घामाची जी ओल मनवा सांगत होती, तिच्यावर लोकरीसारखा उतारा नाही. पण वाफ वेगळी आणि धार वेगळी. तास दोन तास धो-धो कोसळला तर लोकर भिजणारच, आणि मग ते ओझं पाठीवर घेऊन चालायचं म्हणजे शिक्षा. म्हणून वर ताडपत्री आणि आत लोकर. कोकणात, मावळात लावणीला वाकलेली बाई डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं घ्यायची, तिलाही हे ठाऊक होतं. पाणी अडवणारी वस्तू एक, ऊब धरणारी दुसरी. दोन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घेण्याचं आमिष दुकानदार दाखवतात आणि किंमत मात्र दोन वस्तूंची लावतात.

आबा : बरं, कपडे?

मनवा : झोपायचा जोड वेगळा. लोकरीचे मोजे, आतले कपडे, टोपी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. काही झालं तरी दिवसा घालायचा नाही.

आबा : आणि पहाटे चार वाजता उठलीस, बाहेर पाऊस आहे, तर काय घालणार?

मनवा : कालचे ओले.

आबा : ओले? खरंच घालशील?

मनवा : घालावेच लागतात. कोरडे घालून बाहेर गेले तर दुसऱ्या रात्री काय?

आबा काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून कळलं की ही परीक्षा नात पास झाली. हा नियम ऐकायला सोपा आहे. गोठलेल्या पहाटे उबदार मोजे काढून ओले चढवताना भलेभले तो मोडतात.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट निघालीच होती, म्हणून मी मधे बोललो. पावसाची रात्र ही सगळ्यात थंड रात्र नसते. ढग असतात तोवर ते जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि किमान तापमान उलट वर जातं. विक्षोभ सरकला, आभाळ निवळलं आणि वायव्येचा वारा सुटला, की खरी थंडी पडते. हरियाणा-राजस्थानातले शेतकरी या हिवाळी पावसाची, म्हणजे मावठीची, गव्हा-हरभऱ्यासाठी वाट बघतात आणि लगेच पुढच्या कडाक्याचीही तयारी ठेवतात. पहिल्या रात्री भिजलेलं सामान घेऊन दुसरी रात्र काढायला निघणं, हा यातला खरा धोका.

मनवा : मी एकच रात्र राहणार आहे.

आबा : सगळे तेच म्हणून निघतात. आम्ही पानिपताला...

मनवा : आबा, पानिपत नको!

(मराठी माणूस दिल्लीत थंडीबद्दल बोलायला लागला की पाचव्या वाक्याला पानिपतावर पोचतो. आबांनी बराच वेळ दम धरला होता. आणि गमतीचा भाग म्हणजे पानिपत आता अधिकृतपणे राजधानी क्षेत्रातच मोडतं.)

आबा : बरं, राहिलं. शेकोटीचं काय करणार?

मनवा : शेकोटी नाही.

आबा : म्हणजे?

मनवा : इथली हवा बघताय ना? प्रदूषण वाढलं की सोसायट्यांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत असा नियम आहे, त्यांनी लाकडं पेटवू नयेत म्हणून. आणि मी पक्षी बघायला जाऊन धूर करू?

आबा : रखवालदाराला हीटर मिळतो का ते खाली जाऊन बघ आधी.

हा टोला वर्मी बसला, कारण आमच्या फाटकावर त्या रात्रीही कुठल्या तरी खोक्याची लाकडं जळत होती. धुराची रड मात्र जुनी आहे. बर्निएनं लिहिलं आहे की संध्याकाळी छावणीत शेण्या आणि ओली लाकडं पेटली की इतका धूर दाटायचा की आपला तंबू सापडेना. म्हणून बादशहाच्या तंबूपुढे उंच खांबावर आकाशदिवा टांगत, तो बघून लोक वाट काढत. त्या छावणीत बादशहाचे तंबू दुहेरी होते. एक संच इथे उभा, तर दुसरा पेशखाना म्हणून एक मजल पुढे रवाना. बादशहा पोचेपर्यंत सगळं ठाकठीक, गालिचे अंथरलेले. कुणीतरी आदल्या दिवशी ओल्यात उभं राहून ते ठोकलेलं असायचं.

आबा : ते तर सगळीकडे. शिकार साहेबाची आणि ओल हाकेवाल्याची. भरतपूरला गेलीस तेव्हा तो दगड बघितलास ना?

मनवा : बघितला. केवलादेवच्या देवळाजवळचा. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली.

आबा : ती पाखरं पाण्यातून गोळा कुणी केली? त्यांची नावं दगडावर आहेत?

मनवा : नाहीत.

आबा : आम्ही हाक्याला जायचो ते पाटलाच्या बंदुकीसाठी. वाघरी, म्हणजे जाळी, लावून पावसात बसायचं काम आमचं. रात्री पाटील वाड्यात, आम्ही गोठ्यात. खोटं कशाला बोलू, गोठा उबदार असायचा. जनावरांच्या अंगाची वाफ, खाली पेंढा. पण ती शिकार गेली त्याचं मला काही वाटत नाही. तू निदान तुझी ओल तू सोसतेस.

मनवा यावर हसली. नातीच्या छंदाचं आबांनी एवढं कौतुक याआधी माझ्यासमोर केलेलं नव्हतं. पण शेकोटीवर तिनं तडजोड केली नाही, आणि आबांनी मग दुसरी वाट काढून बघितली.

आबा : धूर नको तर कोळशाची शेगडी घे. लहान. झोपताना तंबूच्या तोंडाशी...

मनवा : नाही.

आबा : धूर होत नाही तिचा.

मनवा : म्हणून तर ती वाईट. धूर असला तर खोकून जाग तरी येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात दिल्लीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत. तंबू तर खोलीपेक्षा लहान, आणि पाऊस म्हटल्यावर माणूस झडप बंद करणारच.

आबा गप्प झाले. त्यांच्या पिढीत शेगडी ही उबेची वस्तू, तिचं भय वाटत नाही. इथे मी पूर्णपणे मनवाच्या बाजूचा आहे आणि यात दोन मतं असायला जागाच नाही. तंबूत जळतं काहीही नको. शेगडी नको, स्टोव्ह नको, मेणबत्तीसुद्धा नको. त्याऐवजी मनवानं सांगितलेला उपाय साधा आहे. उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरायचं, बाटली मोज्यात घालायची आणि मांड्यांच्या मधे घेऊन झोपायचं. पहाटे तेच कोमट पाणी प्यायला होतं. त्यावर आबांनी स्वतःची पुस्ती जोडली. निजण्याआधी शेंगदाणे आणि गूळ मूठभर खायचा, लघवीला जाऊन यायचं, आणि अंथरुणात शिरण्याआधी चार बैठका काढायच्या. पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली राखतं. गार अंगानं आत शिरलात तर ते गारठाच राखेल. चारच बैठका का, आठ का नाहीत, असं मनवानं विचारलं. घाम यायला नको म्हणून, असं उत्तर आलं.

शेवटी ठरलं ते असं. शेतावर दोन चारपाया आहेतच, त्या मैत्रिणीच्या घराच्या पडवीसमोर चढाच्या बाजूला काढायच्या. खाली पराली भरलेली पोती, त्यावर फोमची मॅट. वर ताडपत्री, पश्चिमेकडून वारा येईल म्हणून त्या अंगाला खाली ओढलेली, पूर्वेला उघडी. तंबू गाडीत राहील, वादळ झालं तर काढायचा.

मनवा : आणि घोंगडं मी नेत नाही. ओलं झालं तर तुम्हीच मला बोलाल.

आबा : ने. अंगावर घेऊ नकोस, खाली घाल.

मनवा : खाली? तुमचं हे घोंगडं?

आबा : मग काय पूजेला ठेवू? त्या फ्रेंच माणसानं चांगलं पांघरूण खाली घातलंच की.

मनवा : आणि टोचलं तर?

आबा : टोचलं म्हणजे जागी आहेस. पहाटे चारला उठायचंय ना?